पहाटे चारला गाडी, दुपारी बाराला खोली; सहलीचा पहिला दिवस इथंच फसतो!

शहापूर-मुरबाडहून छत्रपती संभाजीनगरला सहकुटुंब निघताय? वेरूळ-अजिंठ्याच्या आधी पोहोचण्याच्या दिवसाचं गणित मांडा. आमचं कुठं चुकलं आणि काय करायला हवं होतं, ते सविस्तर.

जानेवारीतल्या एका सोमवारी पहाटे सव्वाचारला आम्ही पाच जण छत्रपती संभाजीनगर स्थानकाच्या प्रतीक्षालयात बसलो होतो. आई, बाबा, ताई, तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि मी. चार बॅगा, पाण्याचा एक कॅन आणि आईची ती पिशवी, जिच्यात काय काय आहे हे घरी परत येईपर्यंत कुणालाच कळत नाही. बाहेर कडाक्याची थंडी. भाचा माझ्या मांडीवर झोपलेला. हॉटेलची खोली मिळणार होती दुपारी बाराला.

"खोलीचे पैसे भरलेत ना? मग आपण इथं का बसलोय?" आईनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी इंजिनीअरिंग केलेला माणूस. सहलीसाठी रीतसर एक्सेल शीट केली होती. गाडी, हॉटेल, टॅक्सी, जेवण, प्रत्येकाचा वेगळा रकाना. पण पहाटे चार ते दुपारी बारा या आठ तासांचा रकाना त्यात नव्हताच. आई घराबाहेर पडली होती ती आजवर देवाला नाहीतर लग्नाला. नुसतं फिरायला म्हणून ही पहिलीच खेप. पहिल्याच सकाळी तिचं मन उडालं असतं, तर पुढच्या वेळी "तुम्हीच जा, मी घर सांभाळते" हे ठरलेलं होतं. बाबांचा गुडघा तर कल्याणच्या जिन्यावरच बोलायला लागला होता.

पाहुणे म्हणून जायची सवय

आपल्या भागातली माणसं फिरत नाहीत असं अजिबात नाही. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला जाऊन बघा. पण आपलं जाणं कसं असतं? जत्रेला गेलो की जवळच्या गावात कुणीतरी नातेवाईक असतो. शिर्डीला, पंढरपूरला भक्तनिवास किंवा मठ असतो. लग्नाला गेलो तर कार्यालयात सतरंजी घातलेलीच असते. पहाटे तीनला पोहोचा की रात्री अकराला, कुणीतरी दार उघडतं, पाय धुवायला पाणी देतं, चहा टाकतं. तिथं 'चेक-इन' नावाची गोष्ट नाही.

अनोळखी शहरात हॉटेल करून राहायचं म्हटलं की हे सगळं बदलतं. तिथं आपण पाहुणे नसतो, गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाची वेळ बाराला सुरू होते.

त्यात आपल्याकडे सुट्टीही मोजून मिळते. शाळांना दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा भातकापणी ऐन रंगात असते. मे महिन्यात मराठवाड्याचं ऊन चाळीस अंशांच्या पुढे जातं, तेव्हा वेरूळचा कातळ तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात लावणी. भात झोडून, पेंढा रचून, जत्रा उरकून मग कुठं जानेवारीत तीन-चार दिवस हाताशी येतात. अशा वेळी त्यातला एक अख्खा दिवस नुसतं ताटकळण्यात गेला तर जिवावर येतं.

गाडी आपल्याच दारावरून जाते, थांबत नाही

शहापूरकरांसाठी जवळचं स्थानक आसनगाव. संभाजीनगरकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आसनगावातूनच जातात, पण थांबत नाहीत. म्हणून आधी लोकलनं उलट्या दिशेला कल्याणला जायचं, तिथं सामानासकट फलाट बदलायचा, गाडीत बसायचं आणि थोड्या वेळानं खिडकीतून आपलंच आसनगाव मागं जाताना बघायचं. बाबांनी रात्रीच्या अंधारातही ते ओळखलं. "बघ, इथनंच गेलो की परत," एवढंच म्हणाले.

मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही. एसटीनं कल्याण गाठायचं किंवा माळशेज घाटातून अहिल्यानगरच्या दिशेनं रस्ता धरायचा. एसटीचा एक फायदा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आजी-आजोबांसह चार-पाच जण असतील तर एसटी आणि रेल्वेच्या खर्चाची तुलना एकदा करून बघाच.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती कमी झाली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. ५ ते १२ वयाच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. भाच्याचा बर्थ आम्ही घेतला होता. तो रात्रभर रिकामा राहिला, कारण साहेब आजीच्या कुशीत.

आणखी एक, स्थानकाचं नाव. ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद स्थानकाचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं आणि जुना 'एडब्ल्यूबी' हा कोड जाऊन 'सीपीएसएन' आला. जुना कोड पाठ असलेले बाबा तिकिटावर नवं नाव बघून दोनदा विचारून गेले, हेच का ते.

देवगिरी की तपोवन?

आता मूळ मुद्दा. आम्ही देवगिरी एक्स्प्रेस निवडली. मुंबईहून रात्री साडेनऊला निघणारी ही गाडी कल्याणला साडेदहाच्या सुमारास येते आणि संभाजीनगरला पहाटे चारच्या आसपास पोहोचते. माझा हिशेब साधा होता. रात्रीचा प्रवास, म्हणजे एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचलं आणि सकाळपासून अख्खा दिवस फिरायला मिळाला.

कागदावर बरोबर, पण तो कागद एकट्या तरुणाचा होता. पाठीवर एक सॅक असलेला पोरगा स्थानकावरच तोंड धुऊन दौलताबादच्या किल्ल्यावर चढू शकतो. साठी ओलांडलेले आई-बाबा आणि सहा वर्षांचं पोर पहाटे चारला गाडीतून उतरलं, तर त्यांना आधी अंथरूण हवं असतं, मग गरम पाणी आणि मग चहा. त्यातला चहा तेवढा मिळाला.

सहा वाजता हॉटेलला फोन केला. समोरचा माणूस सभ्य होता. खोली रात्रीच्या गिऱ्हाइकाकडे आहे, दहापर्यंत एखादी रिकामी झाली तर बघू, पण अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त पडेल, असं त्यानं सांगितलं. त्यात त्याची चूक नव्हती. बुकिंगच्या पानावर तळाशी तसं लिहिलेलंच होतं, मी ते वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलेलं भाडं अर्धं तिथंच परत गेलं. उरलेलं अर्धं वाचवण्यासाठी पाच माणसं पहाटेपासून थंडीत बसली होती.

याला दुसरा पर्याय होता तपोवन एक्स्प्रेस. ती मुंबईहून सकाळी सव्वासहाला सुटते, कल्याणला सातनंतर येते आणि दुपारी एक ते दोनच्या दरम्यान संभाजीनगरला पोहोचते. दिवसाउजेडी उतरायचं, थेट खोलीत जायचं, जेवून तासभर पडायचं आणि संध्याकाळ मोकळी. आसनगावहून पहाटेची लोकल पकडावी लागते, एवढाच त्रास. पण पहाटे उठायचं तर आपल्या घरांमध्ये कुणाला सांगावं लागतं? दुपारनंतर निघणाऱ्या जनशताब्दी आणि वंदे भारतनं संध्याकाळी पोहोचता येतं. गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना पोहोचायची वेळ नीट बघा आणि ती हॉटेलच्या चेक-इनच्या वेळेशेजारी लिहा. दोन्हींत तीन तासांपेक्षा जास्त अंतर असेल, तर ते तास कुठं काढायचे हे घरातूनच ठरवून निघा.

रात्रीचीच गाडी मिळाली तर?

बऱ्याचदा आरक्षण मिळतं त्या गाडीनं जावं लागतं. मग तीन वाटा उरतात.

पहिली वाट रेल्वेच्या रिटायरिंग रूमची. ज्या स्थानकांवर ही सोय आहे, तिथली खोली आयआरसीटीसीवरून पीएनआर टाकून आधी आरक्षित करता येते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं. खोल्या थोड्याच असतात, त्यामुळे ऐनवेळी जाऊन विचारण्यात अर्थ नाही. आम्ही ऐनवेळीच विचारलं.

दुसरी वाट, आदल्या रात्रीपासूनच हॉटेल घेणं. एका रात्रीचं भाडं वाया गेल्यासारखं वाटतं, पण घरात वयस्कर माणूस किंवा तान्हं मूल असेल तर मी आता हेच करीन. फक्त हॉटेलला फोन करून 'आम्ही पहाटे येणार आहोत' हे कळवून ठेवायचं. नाहीतर आलाच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला जाते. काही लॉज चोवीस तासांच्या हिशेबानं खोली देतात, म्हणजे पहाटे पाचला गेलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत. तशी सोय आहे का, हे फोनवरच विचारा. बुकिंगच्या ॲपवर ते सहसा दिसत नाही.

तिसरी वाट सामान टाकून मोकळं होण्याची. क्लोक रूम असलेल्या स्थानकावर तिकीट दाखवून सामान ठेवता येतं, मात्र बॅगेला कुलूप लागतं. चेन नुसती ओढलेली बॅग घेत नाहीत. आईच्या त्या पिशवीला कुलूप कुठलं? त्यामुळे आम्ही सामान थेट हॉटेलवर नेलं. खोली तयार नसली तरी बहुतेक हॉटेलं काउंटरमागं सामान ठेवून घेतात. आम्हाला तिथल्या खालच्या मजल्यावरचं न्हाणीघरही वापरायला मिळालं. ते ताईनं विचारलं म्हणून. मी संकोचानं विचारलंच नसतं.

काउंटरवर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात, एकाच्या आधारवर भागत नाही. बाबांचं आधार कार्ड घरी देवघरात सुरक्षित होतं. सुदैवानं डिजिलॉकरमध्ये होतं. आधारची झेरॉक्स द्यायला मन धजत नसेल, तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करून ठेवा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. बिलातला करही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता.

"साहेब, उद्या मंगळवार आहे"

आठ वाजता नाश्त्याला जाण्यासाठी रिक्षा केली. रिक्षावाल्या काकांनी सहज विचारलं, उद्या कुठं?

"वेरूळ," मी म्हटलं. टॅक्सीही ठरली होती.

"उद्या मंगळवार आहे साहेब. लेणी बंद."

माझ्या पोटात गोळा आला. पुरातत्त्व खात्याच्या जागा सोमवारी बंद असतात, एवढंच मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून अजिंठा बुधवारी आणि वेरूळ मंगळवारी ठेवलं होतं. खरी गोष्ट अशी की अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी. एकाच जिल्ह्यातली, १९८३ मध्ये एकाच वर्षी जागतिक वारसा यादीत गेलेली दोन ठिकाणं, पण सुट्टीचे वार वेगळे. काकांनी सांगितलं नसतं, तर मंगळवारी सकाळी तीस किलोमीटर जाऊन कैलास लेण्याचं बंद दार बघून आलो असतो.

टॅक्सीवाल्याला तिथूनच फोन लावला. दिवस बदलून घेतले, मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ. अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, म्हणून पैसे आणि वेळ दोन्हींचा हिशेब पुन्हा मांडला. आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, हेही तेव्हाच कळलं. फर्दापूरच्या फाट्याजवळ ती ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं.

आईला लेण्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिचा प्रश्न एकच, "घृष्णेश्वर उघडं असतं ना?" ज्योतिर्लिंगाचं ते मंदिर लेण्यांना लागूनच आहे आणि मंगळवारीही दर्शन होतं. तिच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. (गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो. बाबांना हे जानेवारीच्या थंडीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.)

म्हणजे या सहलीसाठी वार असा धरावा. सोमवारी पोहोचत असाल तर मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ. मंगळवारी पोहोचलात तर दोन्ही पुढचे दिवस मोकळे. रविवारी पोहोचलात तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, पण रविवारी शहरात गर्दी असते. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या जागी १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, तेव्हा त्यांची तिकिटं ऑनलाइन काढत बसू नका.

पहिल्या दिवशी किती बघायचं?

खोली अखेर साडेअकराला मिळाली. आई-बाबा झोपले ते चारपर्यंत. माझ्या शीटमध्ये त्या दुपारी दौलताबादचा किल्ला होता. तो मी खोडला. सातशेहून जास्त पायऱ्या आणि मधली अंधारी वाट, तीही रात्रभर न झोपलेल्या माणसांना, हा बेत मी कुठल्या तंद्रीत केला होता कोण जाणे.

त्याऐवजी संध्याकाळी बीबी का मकबरा. सपाट जागा, बसायला बाग, शहरातच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर तिचा मुलगा आझमशहानं सतराव्या शतकात बांधून घेतली. "ताजमहालाचा धाकटा भाऊ दिसतो," असं बाबा म्हणाले. धाकटा म्हणजे मूळ ताजमहाल किती मोठा असेल, यावर मग आजोबा-नातवाची चर्चा सुरू झाली. गुडघ्याचं नाव निघालं नाही.

तिथून पाणचक्की जवळच. खरं सांगतो, मला वेरूळइतकीच ही जागा आवडली. काही किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथं आणलं, उंच भिंतीवरून हौदात पाडलं आणि त्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरवलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार आणि दाब. आम्ही शहापूरची माणसं. तानसा, भातसा, मोडकसागर आमच्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे आई हौदापाशी बराच वेळ थांबली. हे पाणी कुणाच्या गावाहून येतं, असं तिनं तिथल्या माणसाला विचारलं. मग हॉटेलात आल्यावर वेटरलाही. या शहराला जायकवाडीचं पाणी मिळतं, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येतं ही इथली जुनी तक्रार, हे कळल्यावर तिनं भाच्याला न्हाणीघरातला नळ बारीक करायला लावला.

जेवायला गुलमंडीकडे गेलो. इथला नान-खलिया प्रसिद्ध आहे, पण आमच्यातल्या दोघांचा सोमवार, त्यामुळे थाळी. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असेल तर तो ऐच्छिक आहे, हे माहीत असू द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसा नियम केला आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. काढायला सांगितल्यावर काढत नसतील तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. रेल्वेतली अडचण असेल तर १३९.

आणि गाडी स्वतःची असेल तर

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून शहापूर तालुक्यातूनच, खुटघरजवळून, या रस्त्याला लागता येतं. कसारा घाटाऐवजी पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो. सकाळी सातला निघालात तर दुपारच्या जेवणाला संभाजीनगर, म्हणजे चेक-इनची वेळही जुळते. सावंगीऐवजी त्याच्या आधीच्या माळीवाड्याला उतरलात तर दौलताबाद-वेरूळची बाजू जवळ पडते. वाटेत जेवणाच्या जागा कमी आहेत, म्हणून भाकऱ्या बांधून घ्या. टायर तपासा. सिमेंटच्या तापलेल्या सरळ रस्त्यावर झोप लागते आणि टायरही दगा देतात, दुपारच्या उन्हात तर जास्तच. वेगमर्यादा १२० ची आहे, पण मागच्या सीटवर आजी असेल तर तेवढ्या वेगाची गरज नाही.

परत आल्यावर आठवडाभरानं मुरबाडच्या मामेभावाचा फोन आला. तोही घरच्यांना घेऊन निघतोय, चांगलं हॉटेल सांग म्हणाला. मी हॉटेल सांगितलं नाही, आधी विचारलं, पोहोचतोयस कधी?

"सोमवारी रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच वेरूळ करतो."

"टॅक्सी ठरवलीस का?"

"आजच ॲडव्हान्स दिला."

मी त्याला टॅक्सीवाल्याचा नंबर मागितला.